नसलेलं साउंड कार्ड गेलं कसं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातले ६३ वर्षांचे एक वाचक घरी तबल्याचे वर्ग घेतात. मुलांना साथीला लहरा (ताल धरायला सतत फिरत राहणारी एकच धून) लावण्यासाठी ते मुलाने २०१२ साली घेतलेला लॅपटॉप वापरतात. तो एका वायरने ॲम्प्लिफायरला जोडलेला असतो. जुनं विंडोज ७ सतत अडकायला लागलं म्हणून त्यांनी गावातल्या दुकानातून विंडोज १० टाकून आणलं. ‘त्यानंतर दोन दिवस लहरा व्यवस्थित वाजला.’ मग एका विद्यार्थ्याने लॅपटॉप हळू चालतो म्हणून ड्रायव्हर (विंडोजला मशीनच्या भागांशी जोडणारे छोटे प्रोग्रॅम) अपडेट करून देणारं एक फुकट सॉफ्टवेअर टाकलं. त्या सॉफ्टवेअरने ३४ ड्रायव्हर जुने झाल्याचं जाहीर केलं, काही बदलले आणि उरलेल्यांसाठी पैसे मागितले. दुसऱ्या दिवसापासून आवाज बंद. घड्याळाशेजारच्या स्पीकरवर लाल फुली आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली मशीनच्या भागांची यादी) ‘रिअलटेक हाय डेफिनिशन ऑडिओ’ या नावावर पिवळा त्रिकोण दिसतो, आत ‘कोड १०’ लिहिलंय. दुकानदार म्हणतो, साउंड कार्ड गेलं, मदरबोर्ड बदलावा लागेल, साडेसहा हजार. पुण्याचा मुलगा म्हणतो, भंगारात द्या, नवा घेऊन देतो. लॅपटॉपखालचा स्टिकर झिजून कोरा झालाय, त्यामुळे मॉडेल ठाऊक नाही. ‘दुकानदाराचं ऐकू, मुलाचं ऐकू, की मोबाइलवर लहरा लावून गप्प बसू? मला यातलं काही कळत नाही,’ असं ते विचारतात.

गुरुजी, नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणून गुरुजीच म्हणते. शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू. यातलं काही कळत नाही म्हणता, आणि पत्रात मात्र लाल फुली, पिवळा त्रिकोण, कोड १० हे सगळं अचूक उतरवलंय. सर्वांत महत्त्वाची गोष्ट तर तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहे: ‘त्यानंतर दोन दिवस लहरा व्यवस्थित वाजला.’ दुकानदाराने विचारायला हवं होतं ते हेच. विंडोज १० वर, याच मशीनवर, याच वायरने आवाज आला होता. मग तो गेला कधी? सॉफ्टवेअर टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी. आवाजाचा चिप नेमका त्याच रात्री मेला असेल, असंही होऊ शकतं. पण तुमच्याकडे कोणी आवाज उतरलेला तबला घेऊन आलं तर तुम्ही थेट ‘पुडी बदला’ म्हणाल का? आधी हातोडी घेऊन गट्ठे ठोकाल, वादी कुठे सैल पडली ते बघाल. साडेसहा हजारांचा मदरबोर्ड ही सरळ नवी पुडी झाली. हातोडी अजून कोणी हातात घेतलेलीच नाही.

आता ‘साउंड कार्ड’ या शब्दाबद्दल. तुमच्या लॅपटॉपात साउंड कार्ड नाही, कधी नव्हतंच. हा शब्द मागच्या काळातून आपल्याकडे राहून गेलाय. १९८९ साली साउंड ब्लास्टर आलं तेव्हा ते खरोखरचं कार्ड होतं, कॉम्प्युटर उघडून खाचेत बसवायचं. पुढे आवाजाचं काम मदरबोर्डवरच आलं. १९९७ मध्ये इंटेलने त्यासाठी एसी-९७ नावाचं मानक काढलं, २००४ मध्ये त्याची जागा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ने घेतली. तुमच्या मशीनमध्ये हीच दुसरी पद्धत आहे, कारण ते नाव तुम्हाला पडद्यावर दिसतंय.

या पद्धतीत आवाजाची दोन माणसं असतात. एक कंट्रोलर: हा चिपसेटच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपच्या, पोटातच असतो आणि आवाजाचे आकडे इकडून तिकडे पोचवतो. दुसरा कोडेक: नखाएवढा वेगळा चिप. तो त्या आकड्यांचे विजेचे तरंग करून स्पीकरकडे किंवा वायरच्या भोकाकडे पाठवतो. बहुतेक लॅपटॉपांत कंट्रोलर इंटेलचा किंवा एएमडीचा असतो. कोडेक मात्र रिअलटेक, कोनेक्झंट, आयडीटी अशा दुसऱ्याच कंपनीचा. ड्रायव्हर म्हणजे विंडोजला यांच्याशी बोलता यावं म्हणून ठेवलेला दुभाष्या. चुकीचा दुभाष्या बसवला की समोरचा धडधाकट असूनही संभाषण बंद पडतं.

‘कोड १०’चा अर्थ इतकाच की हे उपकरण सुरू करता आलं नाही. कोड २८ असता तर ड्रायव्हर बसवलेलाच नाही असा अर्थ झाला असता. तुमच्याकडे ड्रायव्हर बसलाय, पण चालू होत नाहीये. चिप मेल्यानेही असं होऊ शकतं, पण परका ड्रायव्हर बसल्याने जास्त वेळा होतं.

तुम्ही लिहिलंय, ‘चिप रिअलटेकचा आहे हे मला दिसलं.’ इथे थोडं थांबा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणारं नाव चिपचं नसतं. ते ड्रायव्हरच्या फायलीत लिहिलेलं असतं. रिअलटेकचा ड्रायव्हर बसवला की तो रिअलटेक नावाची पाटी लावतो. घरावर पाटी कोणाची आहे यावरून आत कोण राहतं ते ठरत नाही, भाडेकरू बदलला तरी पाटी जुनीच असते. चिपचं खरं नाव हवं असेल तर ते चिपलाच विचारायला लागतं. आणि तो सांगतो, अगदी आजच्या या अवस्थेतसुद्धा.

आता प्रत्यक्ष करून बघू. स्टार्टच्या बटणावर माउसचं उजवं बटण दाबा, यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ या मथळ्याखाली ती पिवळ्या त्रिकोणाची ओळ असेल. तिच्यावर पुन्हा उजवं बटण, मग ‘प्रॉपर्टीज’. वरच्या पट्टीत ‘डिटेल्स’. तिथे एक खाली उघडणारी यादी आहे, सुरुवातीला ‘डिव्हाइस डिस्क्रिप्शन’ असं दिसेल. ती उघडून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. खालच्या चौकटीत चार-पाच ओळी येतील, त्यातली पहिली सर्वांत लांब. ती कागदावर उतरवू नका, एखादं अक्षर चुकतंच. त्या ओळीवर उजवं बटण दाबून कॉपी करा, नाहीतर मोबाइलने फोटो काढा.

ती ओळ पहिल्यांदा बघितली की घाबरायला होतं. इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची ती आगगाडीच असते. मी वाचून दाखवते तसं लिहिते: ‘एचडीऑडिओ, फंक ०१, व्हेन १०ईसी, डेव्ह ०२६९, सबसिस १७एए…’ आणि पुढे आणखी काही. डबे सुटे करून बघा. ‘फंक ०१’ म्हणजे आवाज. ‘फंक ०२’ दिसलं तर तो फोनच्या तारेचा जुना मोडेम आहे, त्याच्या नादी लागू नका. ‘व्हेन’ म्हणजे चिप बनवणारा: १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४एफ१ म्हणजे कोनेक्झंट, १११डी म्हणजे आयडीटी, ११०६ म्हणजे व्हाया. ‘डेव्ह’ हा चिपचा नंबर. ०२६९ असेल तर तो रिअलटेकचा एएलसी२६९, त्या काळातल्या ढीगभर लॅपटॉपांत बसवलेला. ‘व्हेन’पुढे ८०८६ दिसलं तर ते इंटेलचं. (१९७८ मध्ये आलेल्या त्यांच्या प्रोसेसरचं नावही ८०८६ होतं. कंपनीने नंबर घेतानाही वंशाभिमान सोडला नाही.) १००२ म्हणजे एएमडी आणि १०डीई म्हणजे एनव्हिडिया. आवाजाच्या मथळ्याखाली हे तिघे दिसले तर बहुधा ते एचडीएमआय वायरीतून टीव्हीकडे जाणाऱ्या आवाजाचे असतात, लॅपटॉपच्या स्पीकरशी त्यांचा संबंध नसतो.

‘सबसिस’ हा डबा मात्र लोक सोडून देतात आणि तिथेच फसतात. त्यातली पहिली चार अक्षरं लॅपटॉप कोणी बनवला ते सांगतात: १०३सी एचपी, १०२८ डेल, १७एए लेनोव्हो, १०२५ एसर, १०४३ असुस, ११७९ तोशिबा, १०४डी सोनी. पुढची चार अक्षरं त्या कंपनीने या मॉडेलच्या जोडणीला दिलेला नंबर. एकच एएलसी२६९ एका लॅपटॉपात डाव्या पायाने स्पीकर वाजवतो, दुसऱ्यात उजव्या. कुठली वायर कुठे गेलीय हे त्या त्या कंपनीलाच माहीत असतं आणि तिने दिलेल्या ड्रायव्हरमध्ये ते लिहिलेलं असतं. म्हणून ‘रिअलटेकचा आहे ना, मग रिअलटेकचा कुठलाही चालेल’ हे गृहीतक धोक्याचं. अपडेट करणाऱ्या सॉफ्टवेअरने बहुधा हाच प्रकार केलाय: ‘व्हेन’ जुळला म्हणून नवा ड्रायव्हर लादला, ‘सबसिस’कडे पाहिलंच नाही.

आणखी एक. ती ‘एचडीऑडिओ’ने सुरू होणारी ओळ तुम्हाला दिसली, याचाच अर्थ कंट्रोलरने कोडेकला हाक मारली आणि कोडेकने आपलं नाव सांगितलं. नाव सांगणारा चिप पूर्ण मेलेला नसतो. याउलट आवाजाच्या मथळ्याखाली काहीच नसेल, आणि ‘सिस्टिम डिव्हाइसेस’मधल्या ‘हाय डेफिनिशन ऑडिओ कंट्रोलर’वरच त्रिकोण असेल, तर हाक मारणाराच आजारी आहे, मग दुकानदाराच्या म्हणण्याला थोडं वजन येतं. हा फरक बघायला दोन मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत.

दुकानदार लबाड आहे असं मात्र मी म्हणणार नाही. एका शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी बावीस वर्षं काढली आहेत, अशा दुकानांत कितीतरी वेळा बसले आहे. ड्रायव्हर शोधण्यात दोन तास गेले तर गिऱ्हाईक त्याचे शंभर रुपयेही खळखळ करत देतं. पार्ट बदलला की बिल निघतं. त्यामुळे निदान हळूहळू बिलाच्या दिशेने सरकत जातं, माणूस वाईट नसला तरी.

आता दुरुस्ती. पहिली पायरी उलट जाण्याची आहे: नवीन काही टाकायचं नाही, टाकलेलं काढायचं. आधी ते अपडेट करणारं सॉफ्टवेअर. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ उघडून यादी तारखेनुसार लावा. त्या दिवशी आलेली, तुम्ही न मागितलेली आणखी एक-दोन नावं सापडली तर आश्चर्य वाटू देऊ नका, तीही काढा. मग वायफाय बंद करा. हे विसरू नका, नाहीतर तुम्ही एका दारातून ड्रायव्हर बाहेर काढाल आणि विंडोज दुसऱ्या दारातून तोच परत आणेल. वायफाय बंद झालं की त्या पिवळ्या ओळीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘ड्रायव्हर’ या पानावर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असं बटण आहे. ते दाबता येत असेल तर तेच दाबा, आधीचा ड्रायव्हर परत येईल. फिकट असेल, दाबलं जात नसेल, तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’. छोटी चौकट येईल, तिच्यात ड्रायव्हरचं सॉफ्टवेअरही पुसायचं का असं विचारणारा एक रिकामा चौकोन असतो. त्यात टिचकी मारा. तो चौकोन मोकळा ठेवला तर चुकीचा ड्रायव्हर कपाटात तसाच राहतो आणि पुढच्या वेळी पुन्हा अंगात घातला जातो.

मग रीस्टार्ट. शटडाउन करून पुन्हा चालू करणं नव्हे, रीस्टार्टच. विंडोज १० मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय असते. ती चालू असली की शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, झोपवून ठेवला जातो. रीस्टार्टमध्ये तो खरोखर नव्याने उठतो. ‘बंद करून चालू केलं, तरी काही नाही,’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी रीस्टार्ट केलेलंच नसतं.

मशीन उठलं की विंडोज स्वतःजवळचा साधा ड्रायव्हर लावेल आणि ओळीचं नाव ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ असं होईल. त्यात रिअलटेक हा शब्द नसेल, आणि ते बरंच आहे. त्रिकोण गेला, लाल फुली गेली, लहरा वाजला, तर तिथेच थांबा. खरंच थांबा. ‘आता कंपनीचा असली ड्रायव्हरही टाकून बघू’ ही खाज इथे अनेकांना सुटते. साध्या ड्रायव्हरमध्ये आवाज घुमवणं, बास वाढवणं असली सजावट नसते. काही मशीनवर वायर लावल्यावर आतले स्पीकर आपोआप बंद होत नाहीत. तुम्हाला ॲम्प्लिफायरला सरळ, न घुमवलेला लहरा हवाय. त्याला हा ड्रायव्हर पुरून उरतो.

साध्या ड्रायव्हरवरही कोड १० राहिला तर मशीन बंद करा, चार्जर काढा, बॅटरी काढा आणि चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. आत अडकून राहिलेली वीज जाते आणि कोडेक कोऱ्या पाटीने उठतो. मंत्रतंत्र वाटतं, पण कधी कधी काम होतं.

बॅटरी काढलीच आहे तर तिच्या खोबणीत डोकावा. खालचा स्टिकर हाताने, मांडीने, धुळीने झिजतो. बॅटरीखालचा स्टिकर बारा-तेरा वर्षांनीही नव्यासारखा असतो. तुमच्या मॉडेलचं नाव आणि सीरियल नंबर बहुधा तिथेच सापडेल. तिथेही नसेल तर स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा. ‘सिस्टिम मॉडेल’पुढे नाव असतं, आणि ‘सिस्टिम टाइप’पुढे तुमचं विंडोज ३२ बिटचं आहे की ६४ बिटचं तेही कळतं. ६४ बिटच्या विंडोजला ६४ बिटचाच ड्रायव्हर लागतो, तिथे तडजोड नाही.

नाव आणि नंबर हातात आले की लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावर जायचं, ‘सपोर्ट’मध्ये सीरियल नंबर टाकायचा. शोधयादीत वर वर येणारी, हिरव्या मोठ्या डाउनलोडच्या बटणांची ठिकाणं टाळा. तुमच्या विद्यार्थ्याचं सॉफ्टवेअर अशाच कुठल्यातरी बटणामागून आलं असणार. तुमच्या मॉडेलला विंडोज १० चा रकाना कदाचित नसेलच, विंडोज ७ किंवा ८ पर्यंतच यादी असेल. निराश होऊ नका. आवाजाचे ६४ बिटचे विंडोज ७ चे ड्रायव्हर विंडोज १० वर बरेचदा चालतात. चिपसेटचा ड्रायव्हर दिला असेल तर तो आधी, आवाजाचा नंतर. ‘ही प्रणाली चालत नाही’ म्हणून इन्स्टॉलर अडून बसला तर ती फाइल सेव्हन-झिप या फुकट सॉफ्टवेअरने उलगडून एका फोल्डरमध्ये ठेवा, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘माझ्या कॉम्प्युटरवर शोधा’ या अर्थाचा पर्याय घेऊन त्या फोल्डरकडे बोट दाखवा. ‘सबसिस’ जुळला तर विंडोज तो स्वतः उचलेल. जुळला नाही तर ‘सापडला नाही’ म्हणेल, आणि तेव्हा यादीतून जबरदस्तीने निवडायचा मोह आवरा.

इथे माझी फजिती सांगते, कारण हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांकडे कोड १० नसेल. आमच्या लॅबमध्ये एका मशीनचा आवाज गेला. त्रिकोण नाही, फुली नाही, सगळं निरोगी, फक्त आवाज नाही. तीन दिवस मी ड्रायव्हर घालत-काढत बसले. चौथ्या दिवशी सातवीतला एक मुलगा पुढच्या हेडफोनच्या भोकात मोबाइलच्या टॉर्चने बघत होता. म्हणाला, ‘बाई, आत काहीतरी चमकतंय.’ कोणाच्या तरी हेडफोनच्या पिनेचं टोक तुटून आत राहिलं होतं. मशीन बिचारं प्रामाणिकपणे समजत होतं की हेडफोन लावलेला आहे, म्हणून स्पीकर गप्प. टाचणीच्या टोकाला फेव्हिक्विकचा थेंब लावून ते टोक बाहेर काढलं. (तुम्ही असं करू नका, थेंब जास्त झाला असता तर टाचणीही आतच राहिली असती.)

म्हणजे ज्यांना डिव्हाइस मॅनेजरमध्ये काही वावगं दिसत नाही, त्यांनी ड्रायव्हरला हात लावायच्या आधी भोकात बघावं. आवाज बंद करायचं बटण कीबोर्डवर चुकून दाबलंय का ते बघावं. घड्याळाशेजारच्या स्पीकरवर टिचकी मारून आवाज कुठे पाठवला जातोय ते वाचावं. टीव्हीला एकदा एचडीएमआयने जोडलेलं मशीन नंतरही टीव्हीचंच नाव धरून बसतं. हेडफोनमधून आवाज येतो पण स्पीकरमधून येत नाही, तर चिप ठणठणीत आहे, स्पीकरची बारीक वायर किंवा तेच भोक बघायला हवं. आणि एखाद्या अपडेटनंतर अचानक आवाज गेला असेल तर स्वतःला दोष देऊ नका. ऑक्टोबर २०१८ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टच्या अपडेटमधून चुकीचा इंटेल ऑडिओ ड्रायव्हर काही मशीनवर गेला होता आणि त्यांचा आवाज बंद पडला होता. उपाय हाच होता, तो ड्रायव्हर काढून टाकणं.

गुरुजी, तुमच्याकडे परत येते. हे सगळं करूनही आवाज नाही आला तर मदरबोर्डच्या आधी दोन गोष्टी आहेत.

पहिली निदानासाठी. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि कोणाकडून तरी त्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटू (विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणाली) चढवून घ्या. लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा, काही इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं ‘वापरून बघा’ म्हणायचं. तुमचं विंडोज जिथल्या तिथे राहतं. लिनक्समध्ये आवाजाचे ड्रायव्हर गाभ्यातच असतात. तिथे लहरा वाजला तर चिप जिवंत आहे, विषय संपला, दोष विंडोजच्या बाजूला. तिथेही शांतता असेल तर चिपवरचा संशय बळावतो. शंभर टक्के नाही, पण बळावतो.

दुसरी कामासाठी. यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड मिळतं, अंगठ्याएवढं, दोन-तीनशे रुपयांत. (हे मात्र खरंच साउंड कार्ड. शब्द फिरून योग्य जागी आला.) त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, कारण यूएसबीवरच्या आवाजाची भाषा ठरलेली आहे आणि विंडोजला ती मुळातच येते. लावायचं, तुमची तीच वायर त्याच्या हिरव्या भोकात घालायची, ॲम्प्लिफायर चालू करायचा. आतला कोडेक जगो वा मरो, लहरा वाजेल. खरं सांगू? उद्या वर्ग असेल आणि परवा कोणाचा कार्यक्रम असेल तर मी आज संध्याकाळी हेच विकत घेईन आणि वर लिहिलेलं सगळं रविवारी निवांत करेन. स्वस्तातल्या कार्डात लहऱ्याच्या मागे बारीक ‘सूं’ ऐकू आली तर चार्जर काढून बघा. बरेचदा ती चार्जरच्या वाटेने आलेली असते.

मोबाइलवर लहरा लावण्यात गैर काही नाही, पण ऐन झपतालात फोन वाजतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

राहिला मुलगा. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २०१२ च्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. इंटेल प्रोसेसरची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिपमधली सोय) त्याला लागतं, आणि ती पिढीच २०१७ ची. तेव्हा या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करू नका, ओटीपी, पासवर्ड असलं काही ठेवू नका. मुलगा नवा लॅपटॉप देत असेल तर तो त्या कामांना घ्या आणि मनापासून घ्या. जुन्याला इंटरनेटची गरजच नाही. लहऱ्याच्या फायली एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, वायफाय कायमचं बंद करा, आणि तो नुसता लहरा वाजवत राहू दे. मुलाला सांगताना ‘तुझा नको’ असं म्हणू नका. ‘दोन्ही हवेत’ म्हणा. त्यालाही बरं वाटेल, आणि त्याच्या कॉलेजचा लॅपटॉप अजून तालात आहे हे ऐकून तर जास्तच.

आणि तो विद्यार्थी. पत्राच्या सुरावरून वाटतंय की तुम्ही त्याला बोलला असाल. तो चांगल्या बुद्धीने गेला होता. हार्डवेअर आयडीची ती ओळ कॉपी करायचं काम त्यालाच द्या, शेजारी बसून त्याच्याकडून डबा डबा वाचून घ्या. ओळ माझ्याकडे पाठवलीत तर तुमच्या मॉडेलला कुठला ड्रायव्हर लागतो ते बघून कळवते. त्याला एवढं मात्र बजावा की ‘सबसिस’पुढची आठही अक्षरं यायला हवीत. मुलं तिथपर्यंत येऊन कंटाळतात आणि अर्धीच पाठवतात.